क्रश : विखुरलेल्या साठवणीतील डेटा-मांडणीची रीत

क्रश हा अनेक सर्व्हरांवर पसरलेल्या साठवण-यंत्रणेत डेटाचा कोणता भाग कोणत्या डिस्कांवर ठेवायचा, हे नोंदवहीत न शोधता गणिताने ठरवणारा अल्गोरिदम आहे. ‘कंट्रोल्ड रेप्लिकेशन अंडर स्केलेबल हॅशिंग’ या नावाच्या आद्याक्षरांवरून तो ओळखला जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतील सेज वाइल, स्कॉट ब्रँट, ईथन मिलर आणि कार्लोस माल्टझान यांनी तो २००६ साली सुपरकॉम्प्युटिंग परिषदेत मांडला. सेफ या मुक्त-स्रोत साठवण-प्रणालीचा तो कणा आहे. क्रशने केलेली मांडणी वरवर पाहता यादृच्छिक दिसते, कारण शेजारशेजारच्या क्रमांकांच्या वस्तू (म्हणजे साठवलेले डेटाचे भाग) पार वेगवेगळ्या डिस्कांवर जाऊन पडतात. पण वस्तूचे तेच नाव, डिस्कांचा तोच नकाशा आणि मांडणीचा तोच नियम दिला की उत्तर दर वेळी आणि दर यंत्रावर तेच येते. म्हणूनच या मांडणीला छद्म-यादृच्छिक म्हणतात.

पार्श्वभूमी : मोठ्या साठवणीत एखादी वस्तू कुठे आहे हे लक्षात ठेवण्याचा सरळ मार्ग म्हणजे मध्यवर्ती तक्ता. गूगलने २००३ साली वर्णन केलेल्या फाइल-प्रणालीत एकच मुख्य सर्व्हर हा तक्ता स्मृतीत बाळगत असे. ६४ मेगाबाइटच्या प्रत्येक तुकड्यामागे त्याला ६४ बाइटांहूनही कमी जागा लागे, आणि तुकडे मोठे असल्यामुळेच ते निभावत असे. वस्तू लहान आणि अब्जावधी झाल्या की हा तक्ता स्वतःच एक मोठी साठवण होऊन बसतो आणि प्रत्येक वाचना-लेखनाची पहिली खेप त्याच्याकडे होते.

दुसरा मार्ग हॅशचा, म्हणजे नावावरून ठरावीक गणिताने काढलेल्या, यादृच्छिक दिसणाऱ्या संख्येचा. वस्तूच्या नावाचा हॅश काढून त्याला डिस्कांच्या संख्येने भागावे आणि बाकी येईल त्या डिस्कवर वस्तू ठेवावी, म्हणजे तक्त्याची गरजच उरत नाही. वाटणी चांगली होते, परंतु डिस्कांची संख्या बदलली की ही रीत कोसळते. १० डिस्कांत अकरावी घातली, तर १० ने आणि ११ ने भागून सारखीच बाकी उरणाऱ्या वस्तू ११ तून एक एवढ्याच असतात. म्हणजे सुमारे ९१ टक्के डेटा हलवावा लागतो. खरे पाहता नव्या डिस्कच्या वाट्याचा ९ टक्के डेटा हलला तरी पुरेसे असते.

हे अंतर मिटवण्याचे प्रयत्न नव्वदच्या दशकात झाले. मिशिगन विद्यापीठातील डेव्हिड थेलर आणि चिन्या रविशंकर यांनी प्रत्येक सर्व्हरला वस्तूगणिक गुण देऊन सर्वाधिक गुणांचा सर्व्हर निवडण्याची रीत सुचवली, तर मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील डेव्हिड कार्गर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली वेबवरील कॅशसाठी (तात्पुरत्या प्रतींच्या साठ्यांसाठी) सुसंगत हॅशिंग, म्हणजे सर्व्हर बदलले तरी थोड्याच वस्तू हलवणारी रीत, मांडले. ॲमेझॉनच्या डायनॅमोसारख्या प्रणाली पुढे या दुसऱ्या वाटेने गेल्या. सांताक्रूझमध्येच आर. जे. हनिकी आणि मिलर यांनी रश नावाचे अल्गोरिदम तयार केले होते व क्रश त्यांच्यातूनच उभा राहिला. बिघाडात डेटा वाचावा म्हणून प्रत्येक वस्तूच्या अनेक प्रती ठेवतात, पण आधीच्या रीतींना ‘सर्व प्रती एकाच रॅकमध्ये (सर्व्हरांच्या एकाच कपाटात) जाऊ नयेत’ अशी अट सहज घालता येत नव्हती. क्रशचे वेगळेपण मुख्यतः याच अटीत आहे.

नकाशा आणि नियम : क्रशला दोन गोष्टी द्याव्या लागतात. पहिली म्हणजे क्लस्टरचा, अर्थात एकत्र चालणाऱ्या सर्व्हरांच्या समूहाचा, नकाशा. हा एक वृक्ष असतो : मुळाशी संपूर्ण क्लस्टर, त्याखाली डेटा सेंटर, खोली, ओळ, रॅक, सर्व्हर आणि सर्वांत खाली डिस्क. प्रत्येक डिस्कला वजन असते. सेफमध्ये प्रथेप्रमाणे एका टेबिबाइटला (टेराबाइटहून किंचित मोठ्या एककाला) १ असे ते धरतात. वरच्या पातळीचे वजन म्हणजे तिच्याखालच्या वजनांची बेरीज.

दुसरी गोष्ट म्हणजे नियम. ‘मुळापासून सुरुवात कर, तीन वेगवेगळे रॅक निवड, प्रत्येक रॅकमधून एक डिस्क घे’ अशा दोन-तीन पायऱ्यांत तो लिहिला जातो. एका रॅकचा वीजपुरवठा किंवा स्विच गेल्यास एकच प्रत जावी, ही काळजी या एका ओळीत मावते. क्लस्टर चालवणाऱ्याचे बिघाडाविषयीचे सगळे ज्ञान नकाशाच्या आकारात आणि नियमाच्या शब्दांत उतरते. त्यामुळे नकाशातील रॅक प्रत्यक्षातील रॅकांशी जुळत नसतील, तर अल्गोरिदम अचूक चालूनही तीन प्रती एकाच वीजवाहिनीवर बसू शकतात.

काडीची निवड : वृक्षाच्या प्रत्येक गाठीपाशी खालच्या घटकांपैकी एक निवडावा लागतो. मूळ निबंधात यासाठी चार रीती होत्या : एकसारखी, यादी, वृक्ष आणि काडी. आज व्यवहारात काडीचीच रीत, तीही सुधारलेल्या रूपात, वापरली जाते. प्रत्येक घटक एक काडी ओढतो आणि ज्याची काडी सर्वांत लांब तो निवडला जातो. काडीची लांबी मात्र दैवावर नसते : वस्तूचा क्रमांक, घटकाचा क्रमांक आणि कितवी प्रत हे तिन्ही मिसळून हॅश काढतात, त्याचा ० ते १ मधील अपूर्णांक करतात, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेतात आणि त्याला घटकाच्या वजनाने भागतात.

एक उदाहरण आकड्यांत पाहता येते. अ, ब आणि क या डिस्कांची वजने अनुक्रमे ४, ४ आणि ८ आहेत, आणि एका वस्तूसाठी त्यांचे अपूर्णांक ०.५०, ०.४० आणि ०.३० आले. लॉगॅरिदम अनुक्रमे −०.६९३, −०.९१६ आणि −१.२०४, वजनाने भागल्यावर −०.१७३, −०.२२९ आणि −०.१५०. सर्वांत मोठी संख्या क ची, म्हणून हॅश सर्वांत लहान असूनही वस्तू क वर जाते. अशा पुष्कळ वस्तूंचा हिशेब केला, तर निम्म्या वस्तू क वर आणि पाव-पाव अ व ब वर पडतात, अगदी वजनांच्या प्रमाणात. आता अ च्या जागी दुप्पट क्षमतेची डिस्क बसवून तिचे वजन ८ केले, तर अ ची संख्या −०.०८७ होते आणि वस्तू क वरून अ वर सरकते. ब आणि क यांच्या संख्या जागच्या जागी आहेत, त्यामुळे या बदलाने कोणतीही वस्तू ब वरून क वर किंवा क वरून ब वर जाऊच शकत नाही. ज्याचे वजन बदलले, त्याच्याकडेच किंवा त्याच्याकडूनच डेटा हलतो. या अल्गोरिदमचे सारे सौंदर्य या साध्या भागाकारात आहे.

पहिल्या आवृत्तीत हा गुण पुरता नव्हता. त्या वेळी काडीची लांबी सर्व शेजाऱ्यांच्या वजनांवरून आधीच मोजून ठेवत, त्यामुळे एकाचे वजन बदलले की इतरांच्या काड्याही थोड्या बदलत आणि अकारण डेटा हलत असे. लॉगॅरिदमची रीत २०१५ साली सेफच्या हॅमर या आवृत्तीत आली. लिनक्सच्या कर्नलमध्ये (कार्यप्रणालीच्या गाभ्यात) अपूर्णांकांचे गणित टाळले जात असल्याने हा लॉगॅरिदम पूर्णांकांच्या तयार तक्त्यांवरून काढतात. त्यामुळे निरनिराळ्या प्रोसेसरांवर उत्तरात शेवटच्या अंकाचाही फरक पडत नाही, आणि सर्वांनी एकच उत्तर काढण्यावर उभ्या असलेल्या व्यवस्थेत हे अत्यावश्यक आहे.

निवडलेली डिस्क आधीच्या प्रतीसाठी घेतलेली असेल किंवा बाद ठरवलेली असेल, तर प्रयत्नाचा क्रमांक बदलून निवड पुन्हा केली जाते. सेफमध्ये अशा प्रयत्नांची नेहमीची मर्यादा ५० आहे. सारख्या प्रती ठेवायच्या असतील, तर एक डिस्क गळाल्यावर यादीतील पुढच्या डिस्का वर सरकल्या तरी बिघडत नाही. इरेजर कोडिंगमध्ये (पूर्ण प्रतींऐवजी डेटाचे तुकडे आणि ते पुन्हा घडवू शकणारे जादा तुकडे ठेवण्याच्या रीतीत) मात्र प्रत्येक तुकडा वेगळा असतो, म्हणून तेथे गळालेल्याच जागी नवी डिस्क बसवून इतरांचे क्रम अबाधित राखणारी वेगळी निवड वापरतात.

प्लेसमेंट ग्रुप : सेफमध्ये क्रश थेट वस्तूंवर चालवत नाहीत. वस्तूच्या नावाचा हॅश काढून ती आधी एका प्लेसमेंट ग्रुपमध्ये, म्हणजे वस्तूंच्या एका गटात, टाकतात आणि त्या ग्रुपची जागा क्रशने ठरवतात. प्रत्येक डिस्कच्या वाट्याला साधारण १०० ग्रुप यावेत असे प्रमाण ठेवण्याची शिफारस असते. वस्तू कितीही वाढल्या तरी ज्यांची देखरेख, दुरुस्ती आणि स्थलांतर करायचे ते घटक आटोक्यात राहतात. सेफमध्ये एखाद्या नावाच्या वस्तूची जागा विचारण्याची आज्ञा आहे, आणि अशी वस्तू कधी लिहिलेलीच नसली तरी ती ग्रुपचा क्रमांक आणि डिस्कांची यादी बिनदिक्कत सांगते. येथे शोध घेतला जात नसून हिशेब केला जातो, हे तीत स्पष्ट दिसते.

नकाशावरील एकमत : क्लायंट, सर्व्हर आणि डिस्क सांभाळणाऱ्या प्रक्रिया यांच्यात एकमत लागते ते फक्त नकाशावर. मॉनिटर नावाचे मोजके सर्व्हर पॅक्सॉस या आपापसांत एकमत घडवणाऱ्या पद्धतीने तो राखतात आणि प्रत्येक बदलासरशी त्याचा आवृत्तिक्रमांक वाढतो. डिस्क प्रतिसाद देईनाशी झाली, तरी ती लगेच बाद होत नाही. सेफमध्ये नेहमीच्या मांडणीत ६०० सेकंद वाट पाहतात, कारण सर्व्हर नुसता पुन्हा सुरू होत असेल, तर टेराबाइटभर डेटा इकडून तिकडे नेणे व्यर्थ ठरेल. नव्या नकाशानुसार काढलेले उत्तर डेटा कुठे असायला हवा एवढेच सांगते. तो त्या क्षणी खरोखर कुठे आहे हे नव्हे. म्हणून डिस्कवरील प्रक्रियांना मागील आवृत्त्यांमधील मांडणीचा इतिहास जपावा लागतो आणि एकमेकींशी बोलून ताजी प्रत कोणाकडे आहे ते ठरवावे लागते. या प्रणालीतला सर्वांत अवघड भाग हाच आहे आणि क्रशची ओळख करून देताना बहुतेकदा तोच वगळला जातो.

मांडणी विखुरलेली असल्यामुळे दुरुस्ती झपाट्याने होते. एक डिस्क गेली, तर तिच्यावरील शंभर-एक ग्रुपांच्या उरलेल्या प्रती अनेक डिस्कांवर असतात आणि त्यांच्या नव्या प्रतीही अनेक डिस्कांवर लिहिल्या जातात. एकाच राखीव डिस्कवर सगळा भार पडत नाही. याच गुणाची दुसरी बाजूही आहे. प्रती जितक्या निरनिराळ्या जोडण्यांत विखुरल्या जातात, तितकी एकाच वेळी काही डिस्का गेल्यास कोणता ना कोणता डेटा पुरता नाहीसा होण्याची शक्यता वाढते. २०१३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ५,००० यंत्रांच्या क्लस्टरसाठी दाखवले, की सरसकट यादृच्छिक मांडणीत वीज जाण्याच्या प्रसंगी काही डेटा गमावण्याची शक्यता ९९.९९ टक्के असते आणि प्रतींच्या जोडण्या मर्यादित ठेवल्यास ती ०.१५ टक्क्यावर येते. सेफमध्ये ग्रुपांच्या संख्येने या जोडण्यांना आपोआपच वरची मर्यादा पडते.

मर्यादा : डेटाचे स्थलांतर क्रश किमान ठेवतो, पण अनेक पातळ्यांच्या वृक्षात ते आदर्श किमानाहून जास्त होते. डिस्क वाढवली की तिच्या सर्व्हरचे, रॅकचे आणि वरच्या प्रत्येक पातळीचे वजन वाढते, आणि प्रत्येक पातळीवर थोडा डेटा सरकतो. मूळ निबंधात याची वरची मर्यादा वृक्षाच्या उंचीच्या पटीत दिली आहे.

तीन प्रती, तीन सर्व्हर आणि ‘प्रत्येक प्रत वेगळ्या सर्व्हरवर’ हा नियम असेल, तर वजनांना अर्थच राहत नाही. प्रत्येक सर्व्हरवर एकेक प्रत जाणारच, आणि एकूण क्षमता सर्वांत लहान सर्व्हरइतकीच राहते. लहान क्लस्टरांत ही अडचण वारंवार येते.

मोठ्या क्लस्टरांत खरा त्रास यादृच्छिकतेच्या स्वभावातूनच येतो. दर डिस्कवर सरासरी १०० ग्रुप असताना प्रमाण विचलन (सरासरीपासूनचा नेहमीचा फरक) सुमारे १० असते, म्हणून हजारो डिस्कांत काही थोड्या डिस्का सरासरीहून ३० टक्के जास्त भरलेल्या सापडतातच. सेफमध्ये एखादी डिस्क ८५ टक्के भरली की इशारा मिळतो आणि ९५ टक्के भरली की लेखन थांबते. म्हणजे सर्वांत भरलेली डिस्क पूर्ण क्लस्टरची वापरण्याजोगी क्षमता ठरवते. वजने हाताने खालीवर करून हे सावरण्याचा उपाय वर्षानुवर्षे होता, पण एका डिस्कचे वजन उतरवल्यावर तिथून निघालेले ग्रुप कुठे जातील हे पुन्हा हॅशच ठरवत असे.

२०१७ साली ल्युमिनस या आवृत्तीत अपमॅप ही सोय आली. तीत ‘हा ग्रुप अमुक डिस्कऐवजी तमुक डिस्कवर’ असे अपवाद नकाशातच लिहून ठेवतात, आणि बॅलन्सर हा भाग ते स्वतः शोधून काढतो, तेही रॅकांविषयीचा नियम न मोडता. ज्या तक्त्याला फाटा देण्यासाठी क्रश जन्मला, तो अशा रीतीने परत आला, मात्र अपवादांपुरता : बहुसंख्य ग्रुपांची जागा आजही हिशेबानेच निघते आणि ज्यांच्यामुळे वाटणी बिघडते अशा थोड्या ग्रुपांचीच नोंद ठेवावी लागते.