सीवीडची बाटली घ्यायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी, गेल्या सीझनपासून दुकानात रोज कोण ना कोण विचारतंय की ते सीवीड म्हणजे नक्की काय, खत काय औषध, आणि बाटलीवरचं सगळं इंग्लिश नाहीतर कन्नडमधे, तेपण बारीक अक्षरात, म्हणून म्हटलं एकदा आपल्या मराठीत नीट लिहून काढू आणि प्रत्येक बाटलीबरोबर देऊ.

सीवीड म्हणजे समुद्रातलं शेवाळ. गोव्याला नाहीतर कारवारला गेलाय तेव्हा ओहोटीला खडकावर हिरवं, तपकिरी, लालसर बुळबुळीत काहीतरी चिकटलेलं बघितलं असेल, तेच हे. त्याला फूल नाही, बी नाही, आणि आपल्या पिकासारखी मुळं पण नाहीत, बुडाशी फक्त खडक धरायला पकड असते, अन्न सगळं ते अख्ख्या अंगानंच पाण्यातनं ओढून घेतं.

आणि शेवाळाला हलकं समजू नका हं. आज जगात जेवढा ऑक्सिजन तयार होतो त्यातला निम्म्याच्या आसपास समुद्रातनं येतो, त्यात मोठा वाटा डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक शेवाळांचा. आणि फार मागं गेलं तर पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच, साधारण 240 कोटी वर्षांपूर्वी तो साठायला लागला तो नील-हरित जिवाणूंमुळं, ज्यांना आपण नील-हरित शेवाळ म्हणतो. बेळगावजवळच्या खानापूर भागातल्या भातवाल्यांना हे नाव नवीन नाही, खाचरात नत्र धरायला सोडतात तेच. कुणी मंगळावर वस्ती करायची म्हटली तरी आधी असलंच काहीतरी न्यावं लागेल असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या घरात पण सीवीड आहे. चायना ग्रास म्हणून जे दुधात घालून वड्या पाडतात ते लाल सीवीडमधनं काढलेलं अगार. आईस्क्रीम आणि टूथपेस्ट घट्ट राहायला बऱ्याचदा कॅरागीनन असतं, तेही त्यातलंच. केळीची टिश्यू कल्चर रोपं लॅबमधे बाटलीत ज्या जेलीवर वाढतात ती जेली बहुतेक वेळा अगारचीच. आयोडीनचा शोध 1811 मधे लागला तोसुद्धा सीवीडच्या राखेतनं.

आता बाटलीतलं. आपल्याकडं जे येतं त्यातलं बरंच कप्पाफायकस नावाच्या लाल जातीचं. तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्याला बायका बांबूच्या तराफ्याला दोरीनं त्याचे तुकडे बांधतात, पाण्यात सोडतात आणि साधारण 45 दिवसांनी काढतात. ताजं असतानाच दळून गाळलं की रस निघतो, उरलेला चोथा कॅरागीननला जातो, वाया काही जात नाही. ह्या रसावर भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेनं बरंच काम केलंय. दुसरा माल थंड समुद्रातल्या तपकिरी सीवीडचा, तो बऱ्याचदा काळ्या चकचकीत पापडीत येतो, पाण्यात टाकली की काकवीसारखा रंग सुटतो.

ह्यात पालाश (पोटॅश) थोडं असतं, पण खरी गंमत ऑक्सिन, सायटोकायनिन (ही झाडाची वाढ चालवणारी संप्रेरकं), बीटेन (ताणात पेशी सांभाळणारं) असल्या गोष्टींची. फुटवा, मुळं, ताण सोसायची ताकद ह्यावर त्यांचं काम. म्हणजे हे टॉनिक आहे, खत नव्हे. युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात जवळजवळ 21 किलो नत्र असतं, ते एक लिटर बाटलीत कुठनं येणार? म्हणून सीवीड मारलं म्हणून शेणखत किंवा खताचा डोस कमी केला असं करू नका, आमचा माल खपला नाही तरी चालेल पण हे करू नका. कीड मरत नाही, करप्यासारखा रोग थांबत नाही. आणि पीक पार वाळल्यावर मारून उपयोग नाही, ताण यायच्या आधी किंवा नुकता सुरू झाल्यावर द्यायचं.

कधी द्यायचं? उसाला लावणीवेळी टिपऱ्या बुडवून आणि नंतर फुटवे निघताना. रताळ्याला वेल लावून मूळ धरल्यावर, हिंडलगा-उचगावकडच्या लाल मातीत पाऊस मधेच दडी मारतो तेव्हा ह्याचा उपयोग होतो. कोबी, फ्लॉवर, मिरचीला रोप लावल्यावर आठ-दहा दिवसांनी. प्रमाण बाटलीवर असेल तेच, प्रत्येक मालाचं वेगळं असतं, शेजाऱ्याचं बघून टाकू नका. जास्त टाकलं म्हणून जास्त फुटत नाही, उलट वाढ दबू शकते.

फवारणी सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) किंवा चुन्याच्या पाण्यात मिसळायचं नाही. दुसऱ्या औषधाबरोबर मारायचं असेल तर आधी काचेच्या बाटलीत त्याच प्रमाणात थोडं थोडं मिसळून अर्धा तास ठेवा, फाटलं किंवा खाली गाळ बसला तर पंपात घालू नका.

2021 पासून खत नियंत्रण आदेशात बायोस्टिम्युलंटचा, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणाऱ्या असल्या टॉनिकांचा, वेगळा भाग आलाय, त्यात सीवीडचा अर्क पण येतो, त्यामुळं कुणाकडनंही घ्या पण लेबल, बॅच नंबर आणि पक्कं बिल बघूनच घ्या. शंका असेल तर जवळच्या रैत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या शेतकरी केंद्रात) लेबल दाखवून विचारा.

पहिल्यांदा वापरताय तर चार सऱ्या फवारणी न करता सोडा, कडेला काठी रोवून ठेवा. महिन्यानं दोन्हीकडचं एकेक रोप मुळासकट उपटून दुकानात घेऊन या, मुळं धुऊन शेजारी ठेवून बघू, फरक दिसला नाही तर दुसरी बाटली घेऊ नका.