एलायझा चाचणी

एलायझा ही प्रतिजन (ज्याच्याविरुद्ध शरीर प्रतिपिंड बनवते तो रेणू) आणि प्रतिपिंड (त्याला नेमके चिकटणारे प्रथिन) यांच्या बंधनावर आधारलेली प्रयोगशाळेतील चाचणी असून, रक्तद्रव, दूध किंवा वनस्पतीचा रस यांतील विशिष्ट रेणू आहे का आणि किती आहे, हे तीत रंगाच्या तीव्रतेवरून ठरवतात. ईवा एंगवाल आणि पीटर पेर्लमान यांनी ती स्वीडनमध्ये विकसित करून १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. तत्पूर्वी अशा मोजणीसाठी किरणोत्सारी खूण वापरावी लागे. त्या जागी रंग आणणारी रासायनिक क्रिया घडवणारे एन्झाइम आल्याने ही पद्धत साध्या प्रयोगशाळांच्याही आवाक्यात आली. नाशिकमध्ये सातपूर-अंबडचे औषध कारखाने, रक्तपेढ्या किंवा निदान प्रयोगशाळा यांत नोकरी शोधणाऱ्या जैवतंत्रज्ञानाच्या पदवीधराला रोगप्रतिकारशास्त्राच्या बहुतेक पायाभूत संकल्पना या एका चाचणीत भेटतात, म्हणून तिच्या व्याख्येपेक्षा प्रत्येक पायरीमागचे कारण समजून घेणे अधिक मोलाचे आहे.

प्रतिपिंड हे बी-पेशींपासून तयार झालेल्या प्लाझ्मा पेशींनी स्रवलेले प्रथिन होय. दोन जड व दोन हलक्या साखळ्यांच्या या रेणूच्या टोकांशी प्रतिजनाचा ठरावीक भागच जुळतो. प्रतिपिंडांच्या प्रकारांपैकी नव्या संसर्गात सामान्यतः आयजीएम आधी वाढते व आयजीजी नंतर. वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचते ते आयजीजी. त्यामुळे नवजात बाळाच्या रक्तात सापडलेले आयजीजी आईचेही असू शकते.

प्रतिजन दोन प्रतिपिंडांमध्ये पकडणाऱ्या ‘सँडविच’ प्रकारात ९६ खळग्यांच्या पॉलिस्टायरीन प्लेटवर प्रथम एक प्रतिपिंड चिकटवतात. प्रथिने या प्लॅस्टिकला आपोआप चिकटतात, हीच सोय आणि हीच अडचण: मोकळी जागा राहिल्यास पुढे घातलेले, एन्झाइम जोडलेले प्रतिपिंडही तेथेच बसते आणि नमुन्यात काही नसताना रंग येतो. यासाठी बोव्हाइन अल्ब्युमिन (गायीच्या रक्तातील प्रथिन) किंवा साय काढलेल्या दुधाच्या भुकटीच्या द्रावणाने ती जागा भरतात. मग नमुना, त्यानंतर एन्झाइमयुक्त दुसरे प्रतिपिंड, आणि दर टप्प्यानंतर ट्वीन-२० हा साबणासारखा पदार्थ मिसळलेल्या बफरने (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) धुणे, असा क्रम असतो. धुण्यात कसूर झाली की सगळी प्लेट रंगते. नवशिक्याच्या हातून चाचणी बिघडते ती बहुधा येथेच. एन्झाइम म्हणून हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज वापरले असेल, तर टीएमबी हे रंग देणारे रसायन घातल्यावर निळा रंग येतो, आम्ल घालून क्रिया थांबवली की तो पिवळा होतो आणि ४५० नॅनोमीटरवर मोजला जातो. बफर टिकावा म्हणून सोडियम अझाइड घातले असल्यास हे एन्झाइम निकामी होते. हे ज्याला ठाऊक आहे, तो कोऱ्या प्लेटचे कारण चटकन सांगू शकतो.

दुधातील प्रतिजैविकाच्या अंशासारख्या लहान रेणूवर दोन प्रतिपिंडे एकाच वेळी बसू शकत नाहीत. तेथे स्पर्धात्मक प्रकार वापरतात. त्यात नमुन्यातील रेणू आणि एन्झाइम जोडलेला तोच रेणू प्रतिपिंडावरील जागेसाठी स्पर्धा करतात, म्हणून रंग जितका फिका, तितका नमुन्यातील रेणू जास्त. रक्तपेढीत हिपॅटायटिस-बीसाठी विषाणूचा पृष्ठभागीय प्रतिजन शोधतात, तर हिपॅटायटिस-सीसाठी मुख्यतः प्रतिपिंड. प्रतिपिंड तयार होण्यास काळ लागत असल्याने संसर्गानंतरचे सुरुवातीचे काही आठवडे प्रतिपिंडाची चाचणी नकारात्मक येऊ शकते. एकसारख्या प्रतिपिंडांचा अखंड पुरवठा मात्र १९७५ मध्ये जॉर्ज कोहलर व सीझर मिलस्टाइन यांनी प्लाझ्मा पेशींच्या अर्बुदातील (कर्करोगाच्या गाठीतील) पेशींशी बी-पेशींचे मीलन घडवल्यावरच शक्य झाला. त्याबद्दल त्यांना नील्स येर्ने यांच्यासह १९८४ चे नोबेल मिळाले.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांशी परिचित असलेल्या उमेदवाराला वनस्पतींवरील उपयोग लवकर उमगतो. वेल प्रतिपिंडे तयार करत नाही. म्हणून पाने वळवणाऱ्या विषाणूजन्य रोगांत वेलीच्या रसात विषाणूचे प्रथिनच शोधावे लागते आणि त्यासाठीचे प्रतिपिंड सशासारख्या प्राण्यात किंवा संकरित पेशींत तयार करून घेतात. रोपे बनवण्यासाठी काड्या घेण्यापूर्वी मातृवेलींची अशी तपासणी करतात. विषाणू वेलीत सर्वत्र सारखा पसरलेला नसल्याने निरनिराळ्या फांद्यांची पाने किंवा देठ एकत्र घेतात, आणि एकाच पानाच्या नकारात्मक निकालावरून वेल निरोगी ठरवली जात नाही.