माशांची लस आणि प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर: एकाच पंगतीला बसणारी दोन वेगळी माणसे

मत्स्यशेतीत 'लस' हा शब्द बराच सैल वापरला जातो. खाद्यात मिसळायच्या, 'प्रतिकारशक्ती वाढवते' असा दावा करणाऱ्या पावडरीलाही बोलण्याच्या ओघात लस म्हटले जाते. गोंधळ होण्यासारखे साम्य दोन्हींत आहेच. दोन्ही गोष्टी मासा आजारी पडण्यापूर्वी द्यायच्या असतात, दोन्ही स्वतः जंतू मारत नाहीत आणि दोन्ही माशाच्या शरीरालाच कामाला लावतात. प्रतिजैविके या दोहोंपासून वेगळी असतात, कारण ती आजार आल्यावर जंतूंवर थेट घाव घालतात. येथे प्रश्न पहिल्या दोघांचा आहे.

लस म्हणजे एका ठरावीक जंतूची शरीराला करून दिलेली ओळख. माशांच्या बहुतेक लशींत मारलेले जिवाणू किंवा निष्क्रिय केलेले विषाणू असतात. माशाच्या हाडांत आपल्यासारखी रक्तपेशी घडवणारी मज्जा नसते आणि लसिकाग्रंथीही नसतात. ते काम मुख्यतः मूत्रपिंडाचा पुढचा भाग आणि प्लीहा करतात. तेथील लसिकापेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, त्या जंतूला ओळखायला शिकतात, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे (त्या जंतूला चिकटणारी प्रथिने) तयार करतात आणि काही पेशी ती ओळख जपून ठेवतात. पुढे खरा जंतू आला की हाच प्रतिसाद अधिक वेगाने उभा राहतो. माशांची ही स्मृती सस्तन प्राण्यांइतकी तल्लख नसते, पण असते. ती नेमकीही असते, म्हणजे व्हिब्रिओ या जिवाणूची लस स्ट्रेप्टोकोकस या दुसऱ्या जिवाणूविरुद्ध उपयोगी पडत नाही.

ही ओळख पटायला वेळ लागतो, आणि मासा थंड रक्ताचा असल्याने तो वेळ पाण्याच्या तापमानावर ठरतो. म्हणून सालमनपालक दिवस न मोजता 'अंश-दिवस' मोजतात. तापमान गुणिले दिवस असा हा हिशेब सुमारे ५०० पर्यंत पोहोचला की संरक्षण तयार झाले असे धरले जाते. १० अंशांच्या पाण्यात त्याला सुमारे ५० दिवस लागतात. उष्ण पाण्यातल्या माशांना हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही, मात्र त्यांच्यात प्रतिकार लवकर उभा राहतो. तळ्यात मरतूक सुरू झाल्यावर लस आणायला धावणे व्यर्थ का, हे यावरून कळते.

पावडरीची तऱ्हा निराळी आहे. तिच्यात बहुधा बीटा-ग्लुकन असते, म्हणजे यीस्टच्या पेशीभित्तीतून काढलेली एक शर्करा. अशी शर्करा बुरशीच्या पेशीभित्तीतही असते, त्यामुळे ती दिसताच माशाच्या भक्षकपेशींना शत्रू आल्याचा भास होतो. त्या सावध होतात, जंतू गिळण्याचा व मारण्याचा त्यांचा वेग वाढतो आणि रक्तातील लायसोझाइमसारखी सर्वसाधारण संरक्षक द्रव्येही वाढू शकतात. पण कोणता शत्रू, हे त्यांना कळलेले नसते, आणि त्याची आठवणही राहत नाही. लस म्हणजे चोराचे छायाचित्र दाखवून नेमलेला पहारेकरी मानला, तर पावडर म्हणजे गावात नुसतीच फिरवलेली दवंडी होय. दवंडीचा असर काही दिवस, फार तर काही आठवडे टिकतो. ती रोज पिटत राहिली तर भक्षकपेशींचा प्रतिसाद मंदावू शकतो. बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) दूर न्यायची आहे, आकारानुसार प्रतवारी करायची आहे किंवा हवामान पालटणार आहे, अशा ताणाच्या आधी काही दिवस ती देऊन थांबणे हा तिचा समंजस वापर आहे.

दोन्हींतला भेद ओळखण्याची एक साधी खूण आहे. लशीच्या वेष्टणावर ती कोणत्या जंतूविरुद्ध आहे हे लिहिलेले असते, आणि ती साधारणपणे २ ते ८ अंशांच्या शीतपेटीत ठेवावी लागते. सर्व रोगांवर चालणारी आणि गोदामात पोत्यात पडून राहणारी वस्तू लस नसते. खाद्यातून देण्याच्या लशी आहेत, पण जठरातील आम्ल त्यातील ओळखीचे घटक मोडून टाकते, म्हणून त्या बहुधा आधीच्या लशीला जोड म्हणून देतात. लहान पिल्लांना लशीच्या द्रावणात काही सेकंद बुडवतात. सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे उपाशी ठेवलेल्या माशाला भूल देऊन पोटाच्या पोकळीत टोचणे.

नॉर्वेने हेच केले. १९८५ मध्ये स्कॉटलंडहून आणलेल्या सालमन पिल्लांबरोबर फुरुंक्युलोसिस हा जिवाणूजन्य रोग तेथे आला. समुद्रातल्या पिंजऱ्यांत थंड पाण्यातला व्हिब्रिओसिस, म्हणजे व्हिब्रिओमुळे होणारा रोग, आधीपासून होताच. १९८७ मध्ये तेथील मत्स्यशेतीने सुमारे ५० टन प्रतिजैविके वापरली. व्हिब्रिओविरुद्ध लशी आल्या. फुरुंक्युलोसिससाठी आधी ग्लुकन मिसळलेल्या लशीही वापरून पाहिल्या गेल्या, पण ठोस यश १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस तेलमिश्रित लशींनी दिले, कारण तेलामुळे जंतूचे अंश पोटात दीर्घकाळ टिकून ओळख पक्की होते. ज्या ग्लुकनची आज पावडर विकली जाते तेच तेथे लशीचे सहायक, म्हणजे तिचा परिणाम वाढवणारे द्रव्य, म्हणून आले होते आणि तेलापुढे मागे पडले, हे मला लक्षणीय वाटते. आज उत्पादन कैक पटींनी वाढूनही तेथील प्रतिजैविकांचा वापर त्या आकड्याच्या अगदी लहान अंशावर आला आहे. याचे सगळे श्रेय लशीला देणे मात्र चूक ठरेल. पिंजऱ्यांच्या जागा आलटून पालटून रिकाम्या ठेवणे आणि वेगवेगळ्या वयाचे मासे एकत्र न वाढवणे यांचाही त्यात वाटा आहे. तेलाची किंमतही माशाला मोजावी लागली: पोटातील अवयव एकमेकांना चिकटणे, काळे डाग पडणे, वाढ मंदावणे.

सालमनचा एकेक मासा महाग असल्याने तो हाताने किंवा यंत्राने टोचणे परवडते. शेततळ्यात हजारोंनी सोडलेल्या रोहू-कटल्याच्या बोटुकलीला ते परवडत नाही.  पिंजऱ्यातल्या चिलापीचे गणित थोडे वेगळे पडते, कारण स्ट्रेप्टोकोकसविरुद्धच्या टोचायच्या लशी काही देशांत वापरल्या जातात.

कोकणच्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या तळ्यांत, हा भेद सर्वांत स्पष्ट दिसतो. जिताडा या माशाला नोडाव्हायरस या विषाणूमुळे होणाऱ्या रोगाविरुद्ध चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेने टोचायची देशी लस तयार केली आहे. शेजारच्या तळ्यात कोळंबी असेल, तर तेथे या अर्थाची लस चालतच नाही. कोळंबीला प्रतिपिंडेही नाहीत आणि ती बनवणाऱ्या लसिकापेशीही नाहीत. तिला जन्मजात संरक्षणच काय ते आहे, आणि पावडर जागवते ती तेवढेच. म्हणून पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूपुढे कोळंबीवाला वेगळ्या वाटेने जातो: पीसीआर तपासणीत (विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीत) निर्दोष ठरलेले बीज घेतो, तळ्यात घ्यायचे पाणी आधी निर्जंतुक करतो, आणि विषाणू वाहून आणणाऱ्या खेकड्यांना अडवायला बांधावर जाळीचे कुंपण लावतो.