‘अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग’: परदेशी विद्यार्थ्यांना इंटर्न म्हणून घेण्यामागची पार्श्वभूमी

आय-२० म्हणजे अमेरिकेतल्या विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्याला दिलेले प्रमाणपत्र. त्याच्या दुसऱ्या पानावर एक चौकोन असतो. कंपनीचे नाव, काम पूर्णवेळ की अर्धवेळ, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एवढाच मजकूर. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्या विद्यार्थिनीला शिक्षण चालू असताना बाहेरच्या कंपनीत इंटर्न म्हणून जायचे असेल, तर बहुतेक वेळा सगळा मामला या चौकोनावर येऊन थांबतो. ऑफर लेटरवर २ जून आणि चौकोनात ९ जून असेल, तर मधला आठवडा तिने कंपनीत पाऊल टाकायचे नाही. ‘पहिले चार दिवस नुसते ओरिएंटेशन आहे, ये तू’ असे मॅनेजरने कितीही आपुलकीने सांगितले तरी ते विनापरवाना कामच ठरते. दंड कंपनीपेक्षा तिला जास्त महागात पडतो, कारण विद्यार्थी म्हणून देशात राहण्याचा तिचा दर्जाच धोक्यात येतो.

गंमत अशी की हा चौकोन सरकारी अधिकारी भरत नाही. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षातला कर्मचारी भरतो. सरकारी फी नाही, वेगळे वर्क परमिट नाही. कंपनीत कोणी कधीपासून काम करायचे हे विद्यापीठ ठरवते, ही व्यवस्था नव्या माणसाला विचित्र वाटते. तिचे मूळ एका जुन्या युक्तिवादात आहे: हे काम नव्हे, हे शिक्षण आहे.

फार मागे जायची गरज नाही. ‘इंटर्न’ हा शब्द फ्रेंच इस्पितळांतून आला. पॅरिसमध्ये १८०२ पासून इस्पितळाच्या आवारातच राहून शिकणाऱ्या निवडक विद्यार्थ्यांना ‘अँतेर्न’ म्हणत. कारखाना आणि वर्ग यांची आलटून-पालटून सांगड घालण्याचा प्रयोग सिनसिनाटीच्या विद्यापीठात १९०६ मध्ये सुरू झाला. युद्धानंतर, १९४८ मध्ये, युरोपात विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीच्या दोन संघटना उभ्या राहिल्या. तांत्रिक विषयांसाठीची लंडनमध्ये, दहा देशांच्या प्रतिनिधींनी मिळून. अर्थशास्त्र-वाणिज्याच्या विद्यार्थ्यांची सात देशांतून. तत्त्व सरळ होते: तुमचा एक मुलगा आमच्या कंपनीत, आमचा एक तुमच्या. हिशोब बरोबरीचा, त्यामुळे ‘आमच्या मुलांच्या जागा गेल्या’ अशी ओरड होण्याचे कारण नव्हते. आज विद्यार्थ्यांचा ओघ मुख्यतः एकाच दिशेने आहे आणि ती बरोबरी कोणाच्या लक्षातही नाही. बहुतेक भांडणे तिथूनच निघतात, असे मला वाटते.

अमेरिकेचा पहिला महत्त्वाचा नियम १९४७ चा. शिक्षणसंस्थेने आवश्यक मानले किंवा शिफारस केली, तर परदेशी विद्यार्थ्याला प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी नोकरी करता येईल. एका वेळी सहा महिने, वाढवत नेले तरी एकूण अठरा. ‘शिक्षणसंस्थेने शिफारस केली तर’ या शब्दांतच आजच्या चौकोनाचे बी आहे. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका रेल्वे कंपनीच्या खटल्यात सांगितले की आठवडाभर विनावेतन शिकणारे ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारे उमेदवार, हे कर्मचारी नव्हेत, कारण त्यांच्या शिकण्यातून कंपनीला तत्काळ काही लाभ होत नव्हता. एक निर्णय परदेशी विद्यार्थ्यांविषयीचा, दुसरा देशी उमेदवारांविषयीचा. एकमेकांशी संबंध नाही. पण ‘शिकणारा माणूस हा कामगार असतो का’ हा प्रश्न दोन्हीकडे एकच, आणि तो अजून सुटलेला नाही.

१९९२ मध्ये या प्रशिक्षणाची दोन खाती झाली आणि आजची आद्याक्षरे आली: शिक्षण चालू असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करायची सीपीटी (करिक्युलर प्रॅक्टिकल ट्रेनिंग), आणि मुख्यतः पदवीनंतर बारा महिन्यांची ओपीटी (ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग). सगळा गुंता सीपीटीच्या व्याख्येत आहे. काम ‘प्रस्थापित अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग’ असले पाहिजे. पुढे उदाहरणे दिली आहेत: काम आणि शिक्षण आलटून-पालटून, इंटर्नशिप, को-ऑप (विद्यापीठ आणि कंपनी यांनी मिळून चालवलेले शिक्षण), किंवा संस्थेशी सहकार्य करार केलेल्या कंपन्यांनी देऊ केलेली अन्य कोणतीही ‘आवश्यक’ इंटर्नशिप वा प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा सराव.

आता ‘अविभाज्य’ म्हणजे काय? एक वाचन कडक आहे: ही इंटर्नशिप केल्याशिवाय पदवी मिळतच नसेल, तरच. दुसरे वाचन सैल: तिला क्रेडिट मिळत असेल आणि अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत तिचे नाव असेल, तर पुरे. ‘आवश्यक’ हे विशेषण फक्त शेवटच्या प्रकाराला लागते की मागच्या सगळ्यांना, यावर परदेशी विद्यार्थी कक्षांमध्ये वर्षानुवर्षे खल चालला आहे. बहुतेक विद्यापीठांनी सैल वाचन धरले, आणि बिझनेस स्कूलनी त्यावर तोडगा काढला तो एका क्रेडिटचा: उन्हाळ्यात ‘इंटर्नशिप’ नावाचाच कोर्स. विद्यार्थ्याने त्यात नाव घालायचे, त्या क्रेडिटची फी भरायची, शेवटी पाच-सहा पानांचा अहवाल द्यायचा. म्हणजे काम कंपनीचे, पगार कंपनी देणार, आणि ते काम करता यावे म्हणून पैसे विद्यार्थी विद्यापीठाला देणार. यात कोणाची फसवणूक नाही, सगळे नियमातच आहे. पण शिक्षण म्हणून यात नेमके काय विकले जाते, हे कोणी विचारत नाही.

‘सहकार्य करार’ या दोन शब्दांनी तर लहान कंपन्यांना हैराण केले आहे. काही विद्यापीठे कंपनीच्या पत्रावर समाधान मानतात: पद, कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास, पत्ता, तारखा. काही विद्यापीठे विम्याच्या अन् नुकसानभरपाईच्या कलमांसकट करारावर सही मागतात. मग तो कागद कंपनीच्या कायदा विभागात जाऊन पडतो, तिथे कोणीतरी म्हणते ‘इंटर्नसाठी एवढे?’, आणि जागा दुसऱ्याला मिळते. उमेदवारात खोट काढायला जागा नसते; ती फक्त चुकीच्या विद्यापीठात शिकत असते.

वेळेचाही सापळा आहे. सीपीटी मिळवण्याआधी साधारणतः एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेले असावे लागते. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने भरली की त्या पातळीवरची ओपीटी गेली. म्हणून विद्यार्थी ३६४ दिवस मोजून थांबतात. आठवड्याला वीस तासांपर्यंतची अर्धवेळ सीपीटी यात धरत नाहीत, आणि हे बारकावे विद्यार्थ्यांना पाठ असतात, तर भरती करणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसतात.

एका वर्षाच्या अटीला पदव्युत्तर वर्गात अपवाद आहे: अभ्यासक्रमातच पहिल्या दिवसापासून प्रशिक्षण सक्तीचे असेल तर. या फटीतून ‘डे-वन सीपीटी’ नावाचा धंदा उभा राहिला. प्रवेश घ्या, फी भरा, दुसऱ्याच दिवशी पूर्णवेळ कामाला लागा, महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी वर्गाला या. २०१६ मध्ये न्यू जर्सीतले आणि २०१९ मध्ये मिशिगनमधले एक विद्यापीठ सरकारनेच सापळा म्हणून कागदोपत्री थाटल्याचे उघड झाले. ना वर्ग, ना प्राध्यापक. मिशिगनच्या प्रकरणात सहाशेहून अधिक विद्यार्थ्यांनी नावे घातली होती आणि त्यांत भारतीयांची संख्या प्रचंड होती. ज्याने वर्गाचे तोंडही पाहिले नाही तो निष्पाप होता असे म्हणता येत नाही. पण ज्या सरकारने ‘अविभाज्य’चा अर्थ इतकी वर्षे सैल राहू दिला, त्यानेच त्या सैलपणाचे आमिष लावावे, हेही पटण्यासारखे नाही.

ओपीटीचा वाद वेगळ्या वाटेने त्याच शब्दावर येतो. २००८ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित, म्हणजे ‘स्टेम’ पदवीधरांना सतरा महिन्यांची वाढ मिळाली, तीही लोकांच्या हरकती न मागवता. २०१५ मध्ये न्यायालयाने नेमक्या याच कारणासाठी तो नियम रद्द ठरवला. २०१६ मध्ये रीतसर नवा नियम आला, वाढ चोवीस महिन्यांची झाली आणि सोबत आय-९८३ हा प्रशिक्षण आराखडा आला: काय शिकवणार, कोण देखरेख करणार, मूल्यमापन कसे होणार, पगार किती. विरोधकांचा मुद्दा असा की कायद्यात विद्यार्थी व्हिसा ‘केवळ’ शिक्षणक्रम पूर्ण करण्यासाठी आहे; पदवी हातात पडल्यावर कसले शिक्षण? ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ओपीटी उचलून धरली आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. म्हणजे सरकार ज्याला शिक्षणाशी निगडित म्हणते, त्यात न्यायालय लुडबुड करणार नाही, निदान आज तरी.

यात वाणिज्य-व्यवस्थापनाची मुले आधी बाहेर राहिली, कारण एमबीए ‘स्टेम’मध्ये बसत नव्हते. मग बिझनेस स्कूलनी विषय फारसे न बदलता अभ्यासक्रमाच्या सरकारी वर्गीकरणाचा कोड बदलायला सुरुवात केली. व्यवस्थापन शास्त्राचा ५२.१३०१ हा कोड ‘स्टेम’च्या यादीत बसतो. अर्थशास्त्र विभाग साध्या अर्थशास्त्राकडून ४५.०६०३ कडे, म्हणजे अर्थमितीकडे सरकले. एकाच वर्गात बसलेल्या दोघांपैकी एकाला बारा महिने आणि दुसऱ्याला छत्तीस, असा प्रकार या कोडमुळे झाला. इंटर्न म्हणून घेताना कंपनी पुढच्या नोकरीचा विचार करतेच, त्यामुळे हे सहा अंक मुलाखतीआधीच निकाल लावून ठेवतात.

भरतीच्या अर्जातला तो प्रश्न इथेच येतो: ‘आता किंवा भविष्यात तुम्हाला व्हिसा प्रायोजकत्व लागेल का?’ म्हणजे कंपनीने तुमच्यासाठी सरकारकडे कामाचा व्हिसा मागावा लागेल का? १९८६ च्या कायद्याने कर्मचाऱ्याची कागदपत्रे तपासणे मालकावर बंधनकारक केले आणि नागरिकत्वाच्या दर्जावरून भेदभाव करायला मनाईही केली. पण त्या संरक्षणात विद्यार्थी व्हिसाधारक येत नाहीत. म्हणून तो प्रश्न विचारणे कायदेशीर आहे. सीपीटीला कंपनीकडून प्रायोजकत्व लागत नाही, ओपीटीलाही नाही. तरीही ‘भविष्यात’ या शब्दापुढे प्रामाणिक मुलाला ‘हो’ म्हणावे लागते आणि दहा आठवड्यांच्या उन्हाळी इंटर्नशिपचा अर्ज यंत्रच बाजूला सारते.

जे-१ या अदलाबदलीच्या व्हिसाची वाट २००७ मध्ये इंटर्नसाठी वेगळी झाली: परदेशी विद्यापीठात शिकणारे किंवा बारा महिन्यांच्या आत पदवी घेतलेले, कमाल बारा महिने, डीएस-७००२ या प्रशिक्षण आराखड्यासह. ती स्वतंत्र लेखाची गोष्ट आहे.

बाकीच्या देशांनी तासांचा हिशोब धरला, पण ‘अविभाज्य’ तिथेही डोके वर काढतेच. ब्रिटनमध्ये पदवी अभ्यासक्रमाच्या सत्रात आठवड्याला वीस तास. अभ्यासक्रमाचाच मूल्यांकित भाग असलेले प्लेसमेंट त्यात धरत नाहीत. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास केले, कॅनडाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आठवड्याला २४. फ्रान्समध्ये विद्यापीठ, कंपनी आणि विद्यार्थी यांचा त्रिपक्षीय करार लागतो, दोन महिन्यांपेक्षा जास्त असेल तर मोबदला सक्तीचा, आणि सहा महिन्यांवर साधारणतः जाता येत नाही. जर्मनीचे उदाहरण सर्वांत बोलके. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते, आधी १२० होते. अभ्यासक्रमाने सक्तीची केलेली इंटर्नशिप या दिवसांत मोजत नाहीत. तीच सक्तीची इंटर्नशिप २०१५ च्या किमान वेतन कायद्यातूनही वगळलेली आहे. कंपनीच्या दृष्टीने यापेक्षा सोयीचे काय? म्हणून तिथल्या जाहिरातींत ‘फक्त सक्तीच्या इंटर्नशिपसाठी’ ही ओळ असते, आणि विद्यार्थी विद्यापीठाकडे तसे पत्र मागत फिरतात.

विनावेतन इंटर्नबद्दल अमेरिकेतही निकष बदलत गेले. २०१० मध्ये कामगार खात्याने सहा कसोट्या लावल्या, सगळ्या पूर्ण झाल्या तरच पगार न देण्याची मुभा. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने ‘मुख्य लाभ कोणाचा’ हा सैल निकष मांडला आणि २०१८ मध्ये खात्याने तो स्वीकारला. परदेशी विद्यार्थ्याबाबत यातून एक गैरसमज पसरला आहे: पगार नाही म्हणजे परवानगी नको. तसे नाही. ज्या कामाचे एरवी कोणालाही पैसे मिळतात ते फुकट केले तरी ते काम असू शकते, आणि म्हणून बहुतेक विद्यापीठे विनावेतन जागेसाठीही सीपीटी घ्यायला लावतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘शिक्षण चालू आहे तोवर मुक्काम’ ही पद्धत मोडून चार वर्षांपर्यंतची ठराविक मुदत घालण्याचा प्रस्ताव अमेरिकेत मांडला गेला. दुसऱ्या पानावरचा चौकोन मात्र आहे तसाच आहे. मार्चपासून परदेशी विद्यार्थी कक्षात अर्जांची रांग लागते, आणि कंपनीने मेमध्ये कार्यालयाचा पत्ता किंवा रुजू होण्याची तारीख बदलली की विद्यार्थिनी नवे पत्र घेऊन पुन्हा रांगेच्या शेवटी उभी राहते.