बारापासॉरस: डोकं न सापडलेला महाकाय

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत डायनासॉरचा सुमारे 14 मीटर लांबीचा एक सांगाडा उभा आहे. त्याची कवटी अंदाजाने घडवलेली आहे, कारण खरी कधी मिळालीच नाही. नाव बारापासॉरस टागोराय. यातल्या ‘बारा’चा बारा या आकड्याशी काही संबंध नाही. बंगालीत ‘बडो पा’ म्हणजे मोठा पाय. सुरुवातीलाच हाती आलेलं मांडीचं हाड 1.7 मीटरहून लांब होतं, त्यावरून हे नाव पडलं. हाडं निघत होती ते 1961 हे रवींद्रनाथांचं जन्मशताब्दी वर्ष होतं, म्हणून पुढे टागोर.

ही हाडं गोदावरीच्या खोऱ्यात, महाराष्ट्र-तेलंगणा सीमेजवळच्या पोचमपल्ली गावापाशी निघाली (साड्यांची पोचमपल्ली वेगळी). पहिली 1958 मध्ये, बहुतेक 1960–61 मध्ये. शास्त्रीय वर्णन मात्र 1975 मध्ये आलं. ज्या खडकात ती होती त्या थराचं नाव ‘कोटा’, आणि ते कोटा गाव आपल्या गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी आहे.

साधारण 276 चौरस मीटर जागेत किमान सहा प्राण्यांची मिळून तीनशेच्या आसपास हाडं विखुरलेली होती, सोबत झाडांचे दगड झालेले मोठमोठे ओंडके. अभ्यासकांनी यावरून लावलेला अर्थ असा: कळप पुरासारख्या एखाद्या आपत्तीत सापडला, शवं आणि उन्मळलेली झाडं प्रवाहाबरोबर वाहत गेली, मांस कुजून सांधे सुटले. पाण्याचा जोर ओसरला तशी जड हाडं ओंडक्यांच्या आसपास बसली. हलकी हाडं अशा वेळी पुढे निघून जातात. सॉरोपॉड, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनासॉरांच्या, गटातल्या या प्राण्यांची कवटी शरीराच्या मानाने लहान, तिची हाडं पातळ आणि मानेशी जोड नाजूक, त्यामुळे सगळ्यांत आधी तीच हरवते. जगभरात ही अडचण येते. इथे तोंडाकडचं हाती लागलं ते एवढंच: तीन पूर्ण दात आणि तीन दातांचे वरचे भाग.

पण हे सहा दातही पुष्कळ सांगतात. ते चमच्यासारखे पसरट आणि कडेला जाड दाते असलेले आहेत. असे दात पाला पकडून तोडायला उत्तम, दळायला निकामी. म्हणजे घास न चावताच गिळायचा आणि पुढचं काम पोटातल्या जंतूंवर सोपवायचं. चारा न दळता पोटात गेला की तो आंबायला फार वेळ लागतो, तितका वेळ तो साठवायला पोटही मोठं लागतं. ते वाढलं की शरीराचा भार पुढे झुकतो. या वंशाचे आधीचे प्राणी दोन पायांवर चालायचे, बारापासॉरस चार खांबांसारख्या पायांवर उभा आहे, त्यामागचं मुख्य कारण मला हे पोटच वाटतं. खाण्यासाठी गवत नव्हतंच. सुमारे 19 कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळाच्या सुरुवातीला, सूचिपर्णी वृक्ष, सायकस आणि नेचे हाच चारा. लांब मानेचा फायदा असा की जड धड जागचं न हलवता आजूबाजूचा पाला ओरबाडता येतो.

वजनाचा हिशोब कमरेत आणि मणक्यांत दिसतो. अगदी सुरुवातीच्या डायनासॉरांत कंबरेशी दोन-तीन मणके जुळलेले असत, इथे चार आहेत, नंतरच्या महाकायांत पाच किंवा जास्त. मणक्यांच्या बाजूंना उथळ खळगे आहेत, आणि पाठीच्या मणक्यांत वरच्या कमानीत पोकळीसुद्धा. पुढच्या सॉरोपॉडांत हेच खळगे खोल होऊन त्यांत हवेच्या पिशव्या शिरल्या, मणका हलका झाला आणि ताकद टिकली. त्या वाटेवरची सुरुवातीची पायरी आपल्या खोऱ्यातल्या दगडात जपली गेली, हे मला फार मोलाचं वाटतं. याच कोटा थरात यामनपल्लीला मिळालेल्या कोटासॉरस या दुसऱ्या सॉरोपॉडाचे मणके अजून साधे आहेत. तो लांबीलाही कमी, सुमारे 9 मीटर. त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात पाहता येतो.

कोटा थर नदीच्या महाराष्ट्राकडच्या बाजूलाही उघडे पडतात. तिथे हाडासारखा दगड दिसला तर तो उपसू नये. जीवाश्म आतून तडकलेले असतात, ओढताच तुकडे होतात. शिवाय हाड कोणत्या दिशेला पडलं होतं यावरूनच प्रवाहाची दिशा कळते, आणि ती खूण पुन्हा जुळवता येत नाही. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो घ्यावा, मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपावेत आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवावं. मोठ्या हाडांकडे नजर आपोआप जाते. कवटीचा तुकडा मात्र तळहाताएवढा, पातळ आणि वाकडा असू शकतो, आणि आजवर न मिळालेलं हाड तेच आहे.