हजारो सुटी गणितं आणि 'परम'चा अर्ज: नाशिकच्या संशोधकांसाठी

एकमेकांवर न अवलंबणारी हजारो गणितं संगणकावर चालवायची असतील, तर आधी कॉलेजची लॅब आणि ती पुरली नाही तर 'परम' या सरकारी सुपरकम्प्युटरसाठी अर्ज, असा मार्ग आहे. द्राक्षावरच्या केवडा (डाउनी) रोगाचं उदाहरण घ्या. निफाड-दिंडोरीतले २,००० प्लॉट आणि प्रत्येकाचं ३० वर्षांचं हवामान, म्हणजे रोगाचा अंदाज बांधणारं मॉडेल ६०,००० वेळा चालवायचं. दर खेपेला चार मिनिटं धरली तर ४,००० तास होतात. एका कोअरवर (प्रोसेसरमधल्या एका गणनाघटकावर) साडेपाच महिने लागतील, २०० कोअर मिळाले तर वीस तासांत काम हातावेगळं होईल. यातलं एकही गणित दुसऱ्यासाठी अडून राहत नाही. अशा कामाला हाय-थ्रूपुट कम्प्युटिंग म्हणतात.

अर्जाआधी कॉलेजची लॅब बघा. रात्री रिकाम्या पडलेल्या पीसींना कामाला लावणारं एचटीकाँडोर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात १९८० च्या दशकात ते याच गरजेतून सुरू झालं. इथे प्राचार्यांची परवानगी आणि लॅब असिस्टंटची मर्जी, एवढं पुरतं. (दुसरी मिळवणं जास्त अवघड.)

लॅब अपुरी पडली तर राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग मिशन. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या ४,५०० कोटींच्या या योजनेतून 'परम' मालिकेची यंत्रं बसली. आपल्या जवळचं एक म्हणजे पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतलं 'परम ब्रह्म'. अमेरिकेच्या 'ओएसपूल'वर (तिथल्या संस्थांच्या सामायिक संगणकांवर) थेट अर्ज करू नका, ती सोय तिथल्या संस्थांशी संलग्न संशोधकांसाठी आहे. युरोपातल्या सर्न या कणभौतिकी संस्थेच्या जागतिक ग्रिडवरही (जगभर जोडलेल्या संगणकांच्या जाळ्यावरही) एकट्यादुकट्याला खातं मिळत नाही, तिथल्या प्रयोगाचं सदस्यत्व लागतं.

'परम'साठी अर्जदार साधारणपणे संस्थेतला कायम प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ असतो. पीएचडीचे आणि एमएस्सीचे विद्यार्थी गाइडच्या नावाखाली खातं मागतात. भरलेला फॉर्म, विभागप्रमुखांची सही-शिक्का, ओळखपत्राची प्रत, कामाचा पानभर गोषवारा आणि लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी जोडा. सॉफ्टवेअर परवान्याचं असेल तर परवाना तुमचा तुम्हालाच आणावा लागतो. ईमेल संस्थेचाच द्या. बाहेरच्या संस्थांना शुल्क पडतं का, हे त्या केंद्राला आधीच विचारा.

अर्ज अडतो तो कोअर-तासांच्या (एक कोअर एक तास चालला की एक कोअर-तास) रकान्यात. माझा पहिला अर्ज परत आला होता, कारण तिथे मी 'जास्तीत जास्त' असं लिहिलं होतं! आकडा काढायची रीत सोपी आहे: स्वतःच्या मशीनवर दहा गणितं चालवा, सरासरी वेळ घ्या, एकूण खेपांनी गुणा, चुकांसाठी वीस टक्के वाढवा. वरच्या उदाहरणात ४,८०० कोअर-तास. एका गणिताला किती मेमरी लागते आणि निकालांना किती जीबी जागा लागेल, तेही लिहा. सगळी गणितं सुटी आहेत हे स्पष्ट नोंदवा, म्हणजे तपासणाऱ्याला कळतं की तुम्हाला नोड (सुपरकम्प्युटरमधले वेगवेगळे संगणक) एकमेकांना जोडून नकोत.

खातं मिळालं की काम स्लर्मच्या (कोणाचं काम कधी चालेल हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) रांगेत टाकायचं. ६०,००० वेगवेगळे जॉब टाकू नका, रांग तुंबते आणि अॅडमिनचा फोन येतो. जॉब अॅरे (एकाच आदेशात अनेक सारखी कामं) वापरा, आणि एका जॉबमध्ये शंभरेक गणितं बांधा. पासवर्ड विद्यार्थ्यांत वाटणं वापराच्या नियमांचा भंग ठरतो, प्रत्येकाचं खातं वेगळं काढा. शोधनिबंधात मिशनचा ऋणनिर्देश करावा लागतो. स्क्रॅचमधल्या (तात्पुरत्या साठवणुकीच्या जागेतल्या) फायली ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जातात, तेव्हा निकाल आले की त्याच आठवड्यात ते नाशिकला उतरवून घ्या.