झोपडपट्टी गणना

शहरातल्या झोपडपट्ट्या, पदपथ आणि रेल्वेरुळांकडेच्या वस्त्या यांत राहणाऱ्या कुटुंबांची घरोघर जाऊन केलेली नोंद म्हणजे झोपडपट्टी गणना. बोलीभाषेत तिला नुसते 'सर्व्हे' म्हणतात. दारावर रंगाने नंबर पडला की 'आपला सर्व्हे झाला' आणि नंबर पडला नाही की 'आपण राहिलो', एवढे दोनच अर्थ वस्तीत त्याला असतात. शहरी दारिद्र्याच्या अभ्यासात ही गणना म्हणजे माहिती गोळा करण्याची एक पद्धत समजली जाते. मुंबईत मात्र गेली पन्नास वर्षे ती घराच्या हक्काचा पुरावा म्हणून जास्त वावरली आहे, आणि तिच्याभोवतीचे बहुतेक वाद या दुहेरी भूमिकेतून निघालेले आहेत.

पूर्वपीठिका

गरिबी मोजण्यासाठी शहराचा नकाशाच रंगवावा, ही कल्पना चार्ल्स बूथ या इंग्रज समाजसंशोधकाची. त्याने १८८९ मध्ये लंडनच्या रस्त्यांना तिथल्या रहिवाशांच्या आर्थिक स्थितीप्रमाणे काळ्यापासून पिवळ्यापर्यंत रंग दिले. मुंबईत या विषयाची निकड १८९६ च्या प्लेगने निर्माण केली. त्यानंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा भर दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्यावर होता. पाडलेल्या घरांतली माणसे शेजारच्या चाळीत आणखी दाटीवाटीने राहू लागली. या पाडकामाच्या विरोधात मत देणारे स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस १९१९ पासून मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. आधी वस्ती पायी फिरून पाहा, मग कमीत कमी काटछाट करा, असा त्यांचा आग्रह असे.

पुण्यात धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३० च्या दशकात शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. त्याच संस्थेतून १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास बाहेर पडला. १९६०–६१ च्या किमतींनुसार दरडोई दरमहा खेड्यात १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही त्यांनी धरलेली किमान खर्चाची रेषा पुढे देशभर चर्चेत राहिली. ही रेषा उष्मांकांवर, म्हणजे पोटाला काय लागते यावर बेतलेली होती. शहरातल्या गरिबाला भाड्यापायी, पाण्याच्या हंड्यापायी आणि कामापर्यंत पोहोचण्यापायी जो खर्च पडतो तो तिच्यात नीट उतरत नाही, हा आक्षेप आजही जुना झालेला नाही. रेषा थोडी हलवली की किती फरक पडतो हे २०११–१२ च्या आकड्यांवरून दिसते. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने (शहरात दरडोई दरमहा १,००० रुपये) शहरी गरीब १३.७ टक्के ठरले, तर रंगराजन समितीच्या पद्धतीने (१,४०७ रुपये) २६.४ टक्के. माणसे तीच, वर्षही तेच.

१९७६ ची गणना आणि फोटोपास

महाराष्ट्रात झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकासाचा कायदा १९७१ मध्ये झाला. त्यानंतर आणीबाणीच्या काळात, ४ जानेवारी १९७६ या एकाच दिवशी, मुंबईतल्या झोपड्यांची सरकारी गणना झाली. सुमारे २८ लाख लोकांची नोंद झाली आणि नोंदलेल्या कुटुंबांना ओळखपत्र, म्हणजेच 'फोटोपास', मिळू लागला. पत्र्याच्या झोपडीत लोखंडी पेटीच्या तळाशी जपून ठेवलेला हा कागद पुढच्या पिढ्यांसाठी सातबाऱ्याइतका मोलाचा ठरला. त्याच वर्षी भाभा अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी हलवून तिथल्या रहिवाशांना ट्रॉम्बेच्या चीता कॅम्पमध्ये नेण्यात आले. म्हणजे नोंद आणि पाडापाडी हातात हात घालूनच चालल्या होत्या. जनता कॉलनीतून पुढे आलेले जोकिन अर्पुथम यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यात राष्ट्रीय झोपडपट्टीवासी संघटन उभे केले. त्यांना २००० चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९७६ च्या यादीत पदपथावर राहणारे नव्हते. मोजणाऱ्यांच्या लेखी ती घरेच नव्हती. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या सरकारने पदपथवासीयांना भर पावसात हटवून त्यांच्या गावी पाठवायचे ठरवले, तेव्हा या वगळण्याचा खरा अर्थ समोर आला. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि इतरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी आपल्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी वाचलेला हा निकाल उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे या वाक्यासाठी सगळीकडे उद्धृत होतो. त्याची दुसरी बाजू कमी वेळा सांगितली जाते. पदपथावर राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही आणि रीतसर नोटीस देऊन लोकांना हटवण्याची मुभा दिली. पर्यायी जागा द्यायला सांगितले ते मुख्यतः १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्यांना. थोडक्यात, नऊ वर्षांपूर्वी एका दिवशी कोणी दार वाजवले होते का, यावर बरेच काही ठरले.

लोकांनी केलेली मोजणी

याच सुमारास 'स्पार्क' (स्थापना १९८४) या संस्थेने भायखळा परिसरातल्या आणि आसपासच्या पदपथांवरील सुमारे सहा हजार कुटुंबांची नोंद केली. अहवाल १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. पदपथावर राहणारे म्हणजे काल-परवा आलेले भिकारी किंवा गुन्हेगार, हा शहराचा लाडका समज त्याने मोडून काढला. बहुतेक जण बरीच वर्षे तिथेच होते, हमाली, घरकाम, फेरी असे काम करत होते आणि कामाला पायी जात होते. स्वस्त घर लांब उपनगरात मिळाले असते, पण रेल्वेचा पास आणि वाया जाणारा वेळ त्यांच्या हिशेबात बसत नव्हता. पदपथावरच्या बायकांनी १९८६ मध्ये 'महिला मिलन' स्थापन केली, तिची मुळे याच मोजणीत आहेत.

या पद्धतीत वस्तीतलेच लोक मोजणारे असतात. आधी सगळ्या गल्ल्या पायाखालून घालून हाताने नकाशा काढायचा, प्रत्येक दारावर खडूने किंवा रंगाने क्रमांक टाकायचा, मग कुटुंबागणिक तक्ता भरायचा. खरी कसोटी शेवटी असते. भरलेली यादी वस्तीत सर्वांसमोर वाचून दाखवतात. 'हे घर भाड्याने दिलंय, मालक कल्याणला राहतो,' किंवा 'त्या मावशीचं नाव का नाही?' असे आक्षेप तिथेच येतात आणि तिथेच मिटतात. बाहेरून आलेल्या प्रगणकाला एका झोपडीत एक चूल दिसते. पोटमाळ्यावर दुसरे कुटुंब आहे हे शेजारणीलाच माहीत असते.

रेल्वेरुळांलगतच्या झोपड्यांची १९८८ मध्ये रेल्वे, राज्य शासन आणि या संघटनांनी मिळून केलेली नोंद पुढे फार उपयोगी पडली. रुळाला खेटून घरे असल्याने लोकलचा वेग काही पट्ट्यांत खूप कमी ठेवावा लागे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी २००० च्या सुमारास हजारो कुटुंबांचे स्थलांतर झाले. त्या वेळी याद्या आधीच तयार होत्या आणि त्या लोकांनीच तयार केलेल्या होत्या, म्हणून ते तुलनेने शांततेत पार पडले. मोजणी आणि लोकलचे वेळापत्रक अशी एकमेकांत गुंतलेली होती.

कट-ऑफ तारीख

१९९५ मध्ये झोपडीच्या बदल्यात पक्के घर देणारी झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली आणि गणनेचे रूपांतर पात्रतेच्या छाननीत झाले. मोफत घरासाठी झोपडी १ जानेवारी १९९५ च्या आधीची असावी, ही मर्यादा, म्हणजेच 'कट-ऑफ तारीख', होती. ती नंतर १ जानेवारी २००० पर्यंत सरकली. २००० ते २०११ दरम्यानच्यांना पैसे भरून घर देण्याची तरतूद झाली आणि २०२३ मध्ये ही रक्कम अडीच लाख रुपये ठरली. मोफत घराचे क्षेत्रफळ २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० चौरस फुटांपर्यंत वाढले. पात्र-अपात्र ठरवणारी यादी म्हणजे 'परिशिष्ट-दोन'. रेशनकार्ड, मतदार यादीतले नाव, लाइट बिल अशा पुराव्यांवर ती बनते. त्यामुळे ज्याच्याकडे कागद आहेत तो गरीब पात्र ठरतो. ज्याचे कागद पुरात, आगीत किंवा आधीच्या तोडकामात गेले तो अधिक गरीब असूनही अपात्र ठरतो. भाडेकरू तर बहुधा यादीत येतच नाही.

या तारखेचा हात पाण्याच्या नळापर्यंतही पोहोचला होता. मर्यादेनंतरच्या झोपड्यांना महापालिकेची जोडणी मिळत नसे आणि लोक टँकरवाल्याकडून कितीतरी महाग पाणी घेत. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये निर्णय दिला की घर बेकायदा असले तरी त्यातल्या माणसाचा पाण्याचा हक्क संपत नाही. घराची पात्रता आणि पाण्याची पात्रता वेगळी करणारा हा निकाल प्रस्तुत लेखकाच्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा क्षण आहे.

धारावीत मार्च २०२४ पासून पुनर्विकासासाठी घरोघर नवे सर्वेक्षण सुरू झाले. आता खडूच्या जागी ड्रोन आणि लेझर आले. तंटा मात्र जुनाच राहिला: तळमजला आणि वरचा मजला यांना वेगवेगळे निकष, आणि पात्र नसलेल्यांनी धारावी सोडून कुठे जायचे.

व्याख्या आणि आकडे

२०११ च्या जनगणनेने अधिसूचित (कायद्याने जाहीर झालेल्या), मान्यताप्राप्त (जाहीर नसल्या तरी शासनाने मानलेल्या) आणि ओळखलेल्या (प्रगणकांनी हेरलेल्या) अशा तीन प्रकारच्या वस्त्या धरल्या. शेवटच्या प्रकारासाठी सुमारे ६० ते ७० कुटुंबांची सलग दाटी ही अट होती. राष्ट्रीय नमुना पाहणीत २० कुटुंबेही पुरतात. म्हणून दोन पाहण्यांतील आकडे शेजारी ठेवून तुलना करणे धोक्याचे असते. पुलाखालची दहा घरे आणि बांधकामावरची मजुरांची पत्र्याची खोपटी जनगणनेच्या अटीत मावत नाहीत. २०११ मध्ये देशात झोपडपट्टीत सुमारे साडेसहा कोटी लोक आणि बृहन्मुंबईत सुमारे ५२ लाख, म्हणजे ४१ टक्क्यांहून जास्त, नोंदले गेले. २००१ मध्ये मुंबईचे प्रमाण ५४ टक्के होते. घट झाली खरी, पण मधल्या काळात २००४–०५ ची मोठी पाडापाडी झाली होती आणि अनेक कुटुंबे ठाणे जिल्ह्यात सरकली होती.

चूक उलट्या बाजूनेही होते. नैरोबीतल्या किबेरा या झोपडपट्टीत दहा लाख लोक राहतात असे वर्षानुवर्षे छापले जात असे. केनियाच्या २००९ च्या जनगणनेत तो आकडा १,७०,०७० निघाला.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी अकरावे शहरांविषयी आहे. त्याचा पहिला निर्देशांक झोपडपट्टीत वा अपुऱ्या घरांत राहणाऱ्यांचे प्रमाण हाच आहे. पाणी, संडास, पुरेशी जागा, टिकाऊ बांधकाम आणि हटवले न जाण्याची हमी या पाचांतली उणीव मोजली जाते. यांतली पाचवी तक्त्यात भरायला सर्वांत अवघड असते. दाटीची किंमत किती, हे मुंबईत जुलै २०२० मध्ये कळले. तीन प्रभागांतल्या रक्तचाचण्यांत झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांमध्ये कोरोनाची प्रतिपिंडे आढळली, तर इतर वस्तीत १६ टक्के.

घराऐवजी काम मोजले तर

झोपडी हा एकक धरला की माणसाचे काम नजरेआड होते. पुण्यात १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने वेगळी वाट धरली. कचरावेचक बायका रोज किती भंगार उचलतात आणि त्यामुळे महापालिकेचा वाहतुकीचा किती खर्च वाचतो, याचा अभ्यास २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी झाला. मागणीला आकड्यांची जोड मिळाली आणि महापालिकेने त्यांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. २००८ मध्ये याच बायकांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेशी महापालिकेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला.

पुण्यातल्याच 'शेल्टर असोसिएट्स'ने (१९९३) वस्त्यांचे संगणकीय नकाशे केले. कोणत्या घरात संडास नाही आणि ड्रेनेजची लाइन त्याच्यापासून किती अंतरावर आहे, हे त्यांवर घरागणिक दिसते. जिथे लाइन जवळ आहे तिथे संस्था साहित्य दारात पोहोचवते आणि बांधकाम कुटुंब स्वतः करते. सांगलीतही असे काम झाले. या नकाशात कट-ऑफ तारखेचा रकाना नाही.